जास्वंद : आधी शेंडा, मग कळी

मातीगंध

जास्वंद लावली की आपली नजर कळीवरच असते. कळी दिसली की खत, कळी गळली की औषध, फूल आलं नाही की आणखी खत. हा धागा काढतेय कारण जास्वंदीची खरी देखभाल शेंड्यापाशी होते, आणि हे एकदा मनात बसलं की खत, पाणी, छाटणी, कीड या सगळ्यांचे निर्णय सोपे होतात.

जास्वंद नव्या वाढीवर फुलते. शेंडा पुढे सरकतो, नवं पान निघतं आणि त्या पानाच्या बेचक्यात एक कळी धरते. मागच्या, जाड झालेल्या फांदीवर थेट कळी येत नाही. तिथल्या डोळ्यातून (सुप्त अंकुरातून) आधी फुटवा निघावा लागतो आणि मग त्या फुटव्याच्या टोकाकडे कळ्या लागतात. म्हणजे शेंडा थांबला की काही आठवड्यांनी फुलं थांबणारच. आणि बहर थांबल्यावर जेव्हा आपण धावाधाव करतो, तेव्हा कारण बहुधा मागे घडून गेलेलं असतं.

मग शेंडा कशानं थांबतो? थंडीनं थांबतो : पारा १० अंश सेल्सियसच्या खाली गेला की वाढ जवळपास बंद पडते, आणि हिम पडलं तर कोवळे भाग मरतात. सावलीनं थांबतो. कुंडीत मुळ्या दाटल्या की थांबतो. पाण्याचा ताण पडला, मातीतलं अन्न संपलं, टोकाला मावा किंवा मिलीबग (पिठ्या ढेकूण) बसला की थांबतो. उष्णतेचं थोडं वेगळं आहे. ३५ अंशांच्या वर झाड पानं सांभाळतं, पण कळ्या टाकतं.

ऊन : रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन हवं. साधी एकेरी लाल जास्वंद दिवसभराचं ऊनही सहज सोसते. हाताच्या पंजापेक्षा मोठी, दोन-तीन रंगांची फुलं देणाऱ्या संकरित जाती मात्र नाजूक असतात. त्यांना सकाळचं ऊन आणि दुपारी विरळ सावली मानवते.

माती : निचरा होणारी आणि किंचित आम्ल, सामू (पीएच) साधारण ६ ते ६.८. कुंडीसाठी मी चाळलेली माती, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि निचऱ्यासाठी जाड रेती किंवा परलाइट असं मिश्रण करते. नुसतं कोकोपीट असलेलं मिश्रण एकदा पूर्ण वाळलं की पाणी लवकर धरत नाही. वरून ओतलेलं पाणी कडेनं वाहून खालून बाहेर येतं आणि मधला मुळांचा गड्डा कोरडाच राहतो.

पाणी : भरपूर पानांचं हे झाड उन्हाळ्यात खूप पाणी उडवतं, त्यामुळे कुंडीतल्या झाडाला तेव्हा रोज, कधी दोनदाही पाणी लागतं. पण माती ओली असूनही पानं मान टाकत असतील तर आणखी पाणी घालू नका. मुळ्या कुजू लागल्या की त्यांना पाणी ओढताच येत नाही, आणि झाड तहानल्यासारखंच दिसतं. अशा वेळी बोट मातीत दोन पेरं घालून बघणं हा सगळ्यात भरवशाचा उपाय.

खताबद्दल मुद्दाम इथे लिहीत नाही, त्यावर वेगळं बोलू. तुमचे अनुभव आणि प्रश्न लिहा.

पागोळी

मातीगंध, फार चांगला विषय काढलास. माझा प्रश्न पहिला.

रोपवाटिकेतून आणलं तेव्हा गुडघाभर उंचीचं, गच्च, कळ्यांनी भरलेलं रोप होतं. आता फांद्या लांबच लांब गेल्यात, दोन पानांतलं अंतर वाढलंय, फुलं अधूनमधून एखादं. पानं हिरवीगार आहेत, कीड नाही, ऊन भरपूर. झाडाचं काय बिनसलंय?

रानवारा

पागोळीताई, बहुधा काहीच बिनसलेलं नाही. विक्रीसाठी वाढवलेल्या जास्वंदींवर अनेकदा वाढरोधक फवारतात. क्लोरमेक्वाट किंवा पॅक्लोब्युट्राझोल ही त्यातली नेहमीची नावं. ही रसायनं झाडातल्या जिबरेलिन या संप्रेरकाची निर्मिती रोखतात. जिबरेलिन कमी झालं की पेरं आखूड राहतात, रोप ठेंगणं आणि घट्ट दिसतं, आणि तेवढ्याशा फांदीवर कळ्यांची दाटी होते. काही महिन्यांनी त्याचा असर ओसरतो आणि झाड आपल्या मूळ चालीनं वाढू लागतं. तुम्ही आता जे बघताय तीच त्या जातीची खरी ठेवण.

शिवाय तिथे पाण्यातून रोज थोडं थोडं खत मिळत असतं. घरी आल्यावर ते एकदम बंद होतं.

उपाय छाटणीचा. लांब फांद्या एक तृतीयांश कमी करा, बाहेरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्याच्या थोडं वर तिरका काप द्या. प्रत्येक कापाखाली दोन-तीन फुटवे निघतील. शेंडे दुप्पट-तिप्पट म्हणजे कळ्या धरायच्या जागाही दुप्पट-तिप्पट.

पागोळी

हे माहीतच नव्हतं! पण छाटली की आहेत ती फुलंही जातील ना?

मातीगंध

जातील, आणि पुढचे दोन-तीन महिने त्या फांद्यांवर फुलं दिसणारही नाहीत. म्हणून सगळं झाड एका दमात छाटू नये असं माझं ठाम मत आहे. आज एक सोडून एक फांदी घ्या, त्यांचे फुटवे बोटभर झाले की उरलेल्या घ्या. झाड कधीच पूर्ण रिकामं दिसत नाही.

वेळ महत्त्वाची. थंडी सरून उबेला सुरुवात होते तेव्हा छाटणी सगळ्यात चांगली लागते. थंडीच्या तोंडावर छाटलं तर कोवळे फुटवे गारठतात किंवा डोळे निपचित पडून राहतात. ऐन कडक उन्हात छाटलं तर पानांच्या आड असलेलं खोड उघडं पडून भाजतं. कात्री धारदार हवी आणि एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना स्पिरिटनं पुसलेली.

ओंजळ

खताचा विषय निघण्याआधीच लिहिते. फुलांसाठी स्फुरद (फॉस्फरस), हे आपण सगळेच ऐकत आलो. मी हाडांचं खत आणि डीएपी घालते. गुलाबाला, शेवंतीला फरक दिसतो. जास्वंदीला तेच चालायला काय हरकत आहे?

मातीगंध

ओंजळ, जास्वंदीच्या बाबतीत मी याच्या अगदी विरुद्ध आहे, आणि कारण सविस्तर सांगते.

झाडाला स्फुरद लागतो, पण नत्र (नायट्रोजन) आणि पालाश (पोटॅशियम) यांच्या मानानं फार थोडा. जास्तीचा स्फुरद कुंडीतून सहजासहजी वाहून जात नाही, मातीत साठत राहतो. तिथे तो लोह आणि जस्त अशा सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या वाटेत येतो. ती मातीत असूनही झाडाला मिळेनाशी होतात. जास्वंद या बाबतीत विशेष हळवी आहे. आधी शेंड्याची पानं फिकट होतात, मग लहान निघू लागतात, मग शेंडा अडतो. आणि शेंडा अडला की फुलं गेली. म्हणजे ज्या खतानं फुलं वाढावीत म्हणून घातलं, त्यानंच ती कमी झाली. डीएपी म्हणजे १८:४६:०, हे आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे. त्यातला मधला आकडा बघितलात की माझं म्हणणं कळेल. हाडांच्या खतात चुनाही असतो, तो मातीचा सामू वर नेतो, तेही लोहाच्या विरुद्धच.

जास्वंदीला मध्यम नत्र, कमी स्फुरद आणि भरपूर पालाश असं प्रमाण मानवतं. जास्वंदीचे संग्राहक १७:५:२४ किंवा त्याच्या जवळपासची खतं वापरतात ती याच हिशेबानं. तसं तयार खत मिळालं नाही तर गांडूळखताचा नियमित आधार ठेवून वाढीच्या दिवसांत पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे १३:०:४५, लिटरला अर्धा ते एक ग्रॅम असं आठ-दहा दिवसांनी द्या. आधी साधं पाणी, मग खताचं पाणी. कोरड्या मुळ्यांवर खत कधीही नाही.

उंबरठा

मातीगंध यांना पूर्ण अनुमोदन. एक भर घालतो. जास्त नत्राचाही तोटा आहे. पानं मोठी, रसरशीत, गडद होतात आणि मावा हमखास येतो. कोवळा, नत्रानं फुगलेला शेंडा हे त्याचं आवडतं खाद्य. युरिया कुंडीतल्या जास्वंदीला देऊच नये.

१९:१९:१९ अधूनमधून दिलं तर चालतं, पण तेच एकमेव खत म्हणून वर्षभर देऊ नका. ०:५२:३४ आणि १२:६१:० ही दोन्ही ‘फुलांसाठी’ म्हणून सुचवली जातात. जास्वंदीपासून ती लांब ठेवा.

ओंजळ

पटतंय. मग आधीच घातलेलं हाडांचं खत? कुंडीतून काढता येईल का?

उंबरठा

पूर्ण नाही काढता येणार. वरची दोन-तीन बोटं माती अलगद खरवडून नवी भरा. पुढे वर्षभर स्फुरद अजिबात देऊ नका, झाड साठलेला वापरत राहील. उबेच्या दिवसांत कुंडी बदलणारच असाल तर गड्ड्याच्या बाहेरची माती झाडून टाका. नवी कुंडी आधीच्यापेक्षा दोन इंच रुंद, जास्त नको. लहान झाडाला भलीमोठी कुंडी दिली की मुळ्या न पोचलेली माती सतत ओली राहते आणि तिथूनच कूज सुरू होते.

निवांत

केळ्याच्या साली पाण्यात भिजवून ते पाणी घातलं तर पालाश मिळतो का?

मातीगंध

थोडा मिळतो, पण किती ते मोजता येत नाही, आणि भिजवलेल्या सालींवर चिलटं फार येतात. साली कंपोस्टमध्ये घाला, तो पालाश वाया जात नाही. लाकडाच्या राखेतही पालाश असतो, पण ती अल्कधर्मी असल्यामुळे जास्वंदीच्या कुंडीत मी घालत नाही.

निवांत

धन्यवाद. आता माझ्या झाडाचं. पानं पिवळी पडतायत. कुणी लोह दे म्हणतं, कुणी एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट). नक्की काय?

रानवारा

निवांत, पिवळी कुठली पानं पडतायत, खालची जुनी की वरची नवी? आणि पूर्ण पिवळी की शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा?

निवांत

वरची. शेंड्याची पानं जवळजवळ पांढरट पिवळी, शिरांचं हिरवं जाळं स्पष्ट दिसतंय. खालची ठीक आहेत. पाणी बोअरचं आहे, कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो.

रानवारा

मग हे लोहच, एप्सम सॉल्टनं काहीही होणार नाही.

लोह झाडात एकदा जिथे बसलं तिथून सहसा हलत नाही. कमतरता झाली की जुनी पानं आपलं लोह सोडत नाहीत आणि नवी पानं उपाशी राहतात. म्हणून लक्षण वर दिसतं. मॅग्नेशियम आणि नत्र मात्र फिरते आहेत. कमी पडले की झाड जुन्या पानांतून काढून शेंड्याला देतं. म्हणून त्यांची लक्षणं खाली दिसतात. खालच्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम, तिथे एप्सम सॉल्ट लिटरला एक-दोन ग्रॅम उपयोगी पडतं. खालचं पान सगळंच एकसारखं फिकट होत असेल तर नत्र. आणि तळाचं एखाददुसरं पान पिवळं होऊन गळणं हे पानाचं वय झाल्याचं लक्षण, त्यासाठी काहीच करायचं नाही.

तुमच्या कुंडीत लोह बहुधा आहे, पण जड पाण्यातल्या क्षारांमुळे सामू वर गेलाय आणि लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकलंय. फेरस सल्फेट घातलं तर तेही काही दिवसांत तसंच अडकेल. चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रेणूनं धरून ठेवल्यामुळे विरघळलेलं राहणारं लोह घ्या, पण पाकिटावर कुठलं चिलेट आहे ते वाचा. ईडीटीए चिलेट सामू साडेसहाच्या आसपास गेला की टिकत नाही. ईडीडीएचए अल्कधर्मी मातीतही टिकतं, तेच हवं. त्याचं पाणी गडद लाल होतं.

सोबत जमेल तेव्हा पावसाचं पाणी द्या, आणि महिन्यातून एकदा कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट साधं पाणी सावकाश ओतून क्षार धुवून काढा. पिवळी झालेली पानं पूर्ण हिरवी व्हायची वाट बघू नका. नवीन निघणारं पान कसं येतं ते बघा.

मातीगंध

रानवारा, ‘नवीन निघणारं पान बघा’ हे तर या धाग्याचं सारच. कुठल्याही उपायाचा निकाल शेंडाच देतो.

सावली

धागा वाचून हायसं वाटलं, पण माझी अडचण यात कुठे बसत नाही. शेंडे जोरात आहेत, पानं तजेलदार, कळ्याही ढीगभर लागतात. आणि मग बोराएवढ्या झाल्या की पिवळ्या पडून गळतात. एकही उमलत नाही. दुहेरी गुलाबी जास्वंद आहे. पाणी नियमित, जागा हलवलेली नाही.

काटेसावर

सावलीताई, गळलेली ताजी कळी घ्या, ब्लेडनं उभी चिरा आणि पांढऱ्या कागदावर झटका. काय दिसतं ते सांगा.

सावली

अगदी बारीक, पिवळसर पांढऱ्या अळ्या आहेत! दोन मिलिमीटर असतील नसतील. एक तर चक्क टुणकन उडाली.

काटेसावर

कळीमाशी. शास्त्रीय नाव कॉन्टारिनिया मॅक्युलिपेनिस. ही डासासारखी दिसणारी इवलीशी माशी कोवळ्या कळीच्या टोकात अंडी घालते. अळ्या आत पाकळ्यांच्या बुडाशी रस शोषतात, कळी पिवळी होऊन गळते आणि अळ्या मातीत शिरून कोष करतात. तिथून पुन्हा माश्या. सगळं चक्र साधारण तीन ते चार आठवड्यांचं. दुहेरी फुलांच्या जातींना जास्त त्रास होतो, कारण गच्च पाकळ्यांत त्यांना लपायला जागा असते.

वरून फवारणी करून अळीपर्यंत काही पोचत नाही, म्हणून चक्र तोडायचं. गळलेली प्रत्येक कळी रोजच्या रोज उचला. झाडावरच्या पिवळसर दिसणाऱ्या कळ्याही खुडा. घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिक पिशवीत घालून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये अजिबात नको. प्रादुर्भाव फार असेल तर मन घट्ट करून सगळ्याच कळ्या, लहानसहान सकट, महिनाभर खुडत राहा. त्या काळात बाहेर येणाऱ्या माश्यांना अंडी घालायला कळीच मिळणार नाही. आसपास दुसरी जास्वंद असेल तर तिच्यावरही हेच करायला हवं, नाहीतर माश्या तिकडून परत येतील.

सावली

महिनाभर सगळ्या कळ्या खुडायच्या म्हणजे जिवावर येतं. पण करते.

मातीगंध

करा, खरंच उपयोग होतो. आणि खुडल्यानं शेंडा दुबळा होत नाही, उलट फुलाला जाणारं अन्न वाढीला मिळतं.

कळीगळीबद्दल सर्वसाधारण एक सांगायचं राहिलं. कळीत अळी नसेल तर कारण बहुतेक वेळा अचानक बदलाचं असतं : जागा बदलली, एक दिवस माती ठणठणीत कोरडी पडली, कडक ऊन एकदम वाढलं. ताण आला की झाड इथिलीन हा वायू सोडतं आणि कळीच्या देठाचा सांधा सुटतो. जास्वंद इथिलीनला फार संवेदनशील आहे. नवं रोप अंधाऱ्या खोक्यातून प्रवास करून आलं की पहिल्या काही दिवसांत सगळ्या कळ्या टाकतं ते यामुळेच. त्याला एका जागी स्थिर होऊ द्या, खत घालू नका. पिकत असलेली फळं इथिलीन सोडतात, म्हणून घरात ठेवलेली कुंडी त्यांच्याजवळ नको.

पागोळी

मिलीबगवर पण कुणीतरी लिहा ना. माझ्या दुसऱ्या झाडावर पांढरा कापूस आलाय, आणि शेंड्याची पानं चुरगळून एकमेकांत गुंतलीयत.

काटेसावर

शेंडा असा गुच्छासारखा आवळला असेल तर तो गुलाबी मिलीबग असण्याची शक्यता जास्त. मॅकोनेलिकोकस हिर्सुटस. पांढरं मेण बाजूला केलं की अंग गुलाबी दिसतं. त्याच्या लाळेत विषारी द्रव्य असतं, त्यामुळे मोजकेच किडे असले तरी शेंडा वाकडा होतो. आवळलेला शेंडा पुन्हा सरळ होत नाही, तेव्हा चांगल्या पानापर्यंत खाली कापा आणि पिशवीत बांधून टाका. उरलेल्या झाडावर पाण्याची जोरकस धार, मग कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली आणि ते पाण्यात मिसळण्यासाठी थोडा द्रव साबण. संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनं, आठवड्याच्या अंतरानं तीन वेळा. भर उन्हात तेल फवारलं तर पानं भाजतात.

मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय हे पुरतं जात नाही. मिलीबगच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा मुंग्यांना हवा असतो, त्यासाठी त्या मित्रकिडींना हुसकावून लावतात. कुंडी पाण्याच्या थाळीत विटेवर ठेवा, मुंग्यांची वाट बंद होते.

आणि हे नीट वाचा. पांढऱ्या कापसात मिलीबगपेक्षा बराच मोठा, अंगावर लांब पांढऱ्या झालरी असलेला, भराभर चालणारा किडा दिसला तर त्याला मारू नका. ती क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची अळी. दिसते थेट मिलीबगसारखी, आणि खाते मिलीबगच. १९९४ मध्ये ग्रेनाडा बेटावर गुलाबी मिलीबग पोचला आणि पुढे कॅरिबियनमध्ये त्यानं जास्वंदींसकट असंख्य झाडांची वाट लावली. तिथे शेवटी कामी आले ते हा ढालकिडा आणि अनॅगायरस कमाली नावाची इवलीशी परजीवी गांधीलमाशी. ते असताना कुठलंच फवारू नका, तेलही नको.

मातीगंध

काटेसावर यांचा हा प्रतिसाद प्रत्येक जास्वंदवाल्यानं जपून ठेवावा. आंतरप्रवाही विषांबद्दल माझीही कळकळीची विनंती. मुळाशी दिलेलं इमिडाक्लोप्रिडसारखं औषध झाडात भिनून फुलातल्या मधापर्यंत पोचतं, आणि त्या मधावर मधमाश्या, फुलपाखरं, शिंजीर येतात. पाण्यानं, साबणानं, हातानं ज्या किडी जातात त्यांच्यासाठी हे वापरू नये.

उंबरठा

पानांवर मस्शासारखे केसाळ उंचवटे येतात, ते काय?

काटेसावर

डोळ्यांना न दिसणारे अगदी सूक्ष्म कोळी, असेरिया हिबिस्काय. गाठीच्या आत राहतात म्हणून फवारणी फारशी लागत नाही. गाठींची पानं, फांदीचा तेवढा भाग कापून नष्ट करणं हाच उत्तम मार्ग. नवं झाड आणताना शेंडे आणि कोवळी पानं तपासून घ्या.

निवांत

एक वेगळीच शंका. माझ्याकडे अजून एक जास्वंद आहे. लाल, लोंबती, कळ्या भरपूर, गळत नाहीत, पण उमलतही नाहीत. कळीच्या टोकातून नुसता दांडा बाहेर येतो आणि चार दिवसांनी वाळते. हिला पण पालाश कमी पडतोय का?

रानवारा

नाही, तिचं सगळं व्यवस्थित चाललंय! ती मिरची जास्वंद. कुळ एकच, माल्व्हेसी, पण ती हिबिस्कस नाही, मालव्हाव्हिस्कस आहे. तिचं फूल एवढंच उघडतं. पाकळ्या एकमेकींवर पिळून बंद राहतात आणि पुंकेसरांचा दांडा बाहेर डोकावतो. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची, तिथे चिमुकले गुंजनपक्षी चोच खुपसून मध पितात. अर्ध्या सावलीतही छान फुलते, तेव्हा ऊन कमी असलेल्या कोपऱ्यात हीच लावा.

झुंबर जास्वंद मात्र खरी हिबिस्कस. हिबिस्कस शायझोपेटॅलस, पूर्व आफ्रिकेतली. झालरदार, उलट्या वळलेल्या पाकळ्यांची. तिच्याशी आपल्या नेहमीच्या जास्वंदीचा संकर सहज होतो, आणि आजच्या कितीतरी जातींत तिचं रक्त आहे.

ओंजळ

रानवारादादा, आता फांदीवरून रोप करायची रीतही सांगाच. साधी लाल पटकन लागते, पण मोठ्या फुलांची पिवळी काही केल्या लागत नाही.

रानवारा

लागण्याची रीत सांगतो, पण आधी कारण. साध्या लाल जातीच्या अंगात जोम आहे, फांदी कुठेही खोचली तरी मुळ्या धरते. मोठ्या फुलांच्या संकरितांची निवड पिढ्यान्पिढ्या फक्त फुलाच्या रूपावर झाली, मुळांकडे कुणी बघितलं नाही. त्यामुळे त्यांच्या फांदीला मुळ्या आल्या तरी त्या दुबळ्या असतात. अशा जातींचं जोमदार खुंटावर (मुळांसाठी वापरलेल्या दुसऱ्या रोपावर) कलम करणं उत्तम.

साध्यांसाठी छाट कलम. पेन्सिलीएवढी जाड, हिरवेपणा ओसरून करडी होऊ लागलेली फांदी घ्या. पार कोवळी कुजते, पार जून झालेली सुस्त असते. बोटभर ते वीतभर तुकडा, खालचा काप पेराच्या लगेच खाली. वरची दोन पानं ठेवा आणि तीही अर्धी कापा, कळी असेल तर काढून टाका. बुडाला आयबीए या संप्रेरकाची, मुळ्या फुटायची पूड, मग रेती आणि परलाइट किंवा नुसत्या कोकोपीटमध्ये लावा. उजेड हवा, थेट ऊन नको. वरून पारदर्शक पिशवीचं छत. एक ते दोन महिने लागतात. मध्येच उपटून बघायचा मोह आवरा. हलकेच ओढल्यावर विरोध जाणवला की मुळ्या आल्या समजा. नुसता फुटवा दिसला म्हणून खात्री धरू नका. फांदी आपल्या साठ्यावरही पानं काढते.

पिवळीसाठी पाचर कलम. याच रीतीनं तयार केलेलं लाल जास्वंदीचं रोप हा खुंट. खुंटाएवढ्याच जाडीची कलमकाडी (पिवळीची फांदी), तिला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा काप, खुंटाला उभी चीर. साल सालीला नीट भिडली पाहिजे, निदान एका बाजूनं तरी. पट्टी घट्ट बांधा, वरून पिशवी. तीन-चार आठवड्यांत डोळे फुगले की पिशवी हळूहळू सैल करा. पुढे खुंटावरून येणारे फुटवे सतत काढत राहायचे. ते राहिले तर काही काळानं लाल वरचढ होते आणि पिवळी संपते.

गुटी कलमही, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळ्या आणायची रीत, जास्वंदीवर चांगलं लागतं. फांदी आईपासून तोडलेली नसते, त्यामुळे धोका कमी.

सावली

बियांपासून होते का हो? मला कधी बोंडं लागलेली दिसलीच नाहीत.

मातीगंध

पुष्कळ जातींना आपणहून बी धरत नाही. ही झाडं पिढ्यान्पिढ्या कलमांनीच वाढवलेली आहेत. लिनियसनं १७५३ मध्ये हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस असं नाव दिलं तेही बागेतल्याच झाडाला, रानात आपोआप वाढणारं तिचं मूळ रूप कुठे सापडलेलं नाही. संकरितांच्या बीतून आलेलं प्रत्येक रोप वेगळं निघतं. आईसारखं फूल हवं असेल तर कलम, काहीतरी नवं बघायचं असेल तर बी.

हातानं परागीभवन करायला फार सोपं फूल आहे हे. दांड्याच्या टोकाला पाच मखमली ठिपके दिसतात, ते स्त्रीकेसर. त्याखाली दांड्याभोवती परागाचे पिवळे दाणे. सकाळी फूल पूर्ण उमलल्यावर एका जातीचे पराग दुसरीच्या पाचही ठिपक्यांवर अलगद टेकवा. थंड किंवा फार तापलेल्या दिवशी धरत नाही, सौम्य उबेच्या दिवसांत करा. साधारणपणे एकच दिवस टिकणारं फूल, म्हणून दुपारवर ढकलू नका. फूल गळून गेलं आणि मागे देठाशी हिरवी गाठ फुगत राहिली तर जमलं.

देठाला लगेच दोन्ही जातींची नावं लिहिलेली चिठ्ठी बांधा. बोंड पिकायला दोन-तीन महिने लागतात, तोवर लक्षात राहत नाही. पेरण्याआधी बीच्या कवचाला नेलकटरनं छोटासा काप द्या, डोळ्याची बाजू सोडून, म्हणजे पाणी लवकर आत शिरतं. रोपाला पहिलं फूल यायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं.

सावली

बोंड पिकलं हे ओळखायचं कसं?

मातीगंध

तपकिरी, कोरडं होतं आणि टोकाला चिरा पडू लागतात. पण चिरा दिसेपर्यंत थांबू नका. हिरवेपणा उतरू लागला की पातळ जाळीच्या कापडाची पिशवी बांधून ठेवा, नाहीतर बोंड रात्रीतून फुटतं आणि बी कुंडीभर विखुरतं.